मोडलेली पोळी आणि आईबापांचा अपराधभाव

दीड ते तीन वर्षांच्या मुलाचा हट्ट आणि त्या हट्टापुढे आईवडिलांचा होणारा संताप यांचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो; पहिला मुलाचा स्वभाव ठरतो आणि दुसरा पालकाचा दोष. वस्तुतः दोन्हींचे मूळ मुलाच्या वाढीच्या एकाच टप्प्यात आहे. या वयात मुलाला चालता येते, 'मी' आणि 'माझे' यांची जाणीव झालेली असते, परंतु हवे ते सांगण्याइतकी भाषा नसते. शिवाय मेंदूचा कपाळामागचा जो भाग आवेग रोखण्याचे काम करतो त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा करणे हे दात न आलेल्या बाळापुढे ऊस ठेवण्यासारखे आहे.

भरवायला सोपे जावे म्हणून आईने पोळीचे दोन तुकडे केले आणि मुलाला ती अख्खी हवी होती, एवढ्यावरून ताट भिरकावले जाते आणि मूल भोकाड पसरून फरशीवर अंग टाकून देते. दुसरी अख्खी पोळी पुढे केली तरी चालत नाही, कारण त्याला मोडलेली तीच पोळी पुन्हा जोडून हवी असते. मोठ्यांना हा अडेलपणा वाटतो. मुलाच्या लेखी मात्र घडून गेलेली गोष्ट परत फिरवता न येणे हा नवा आणि असह्य अनुभव असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ साली लहान मुलांच्या रागावर पुस्तक लिहिले, ते ४५ मुलांच्या पालकांनी घरी ठेवलेल्या रोजच्या नोंदींवर आधारलेले होते. अशा उद्रेकांचे प्रमाण वयाच्या दुसऱ्या वर्षात सर्वांत जास्त असते आणि भूक, थकवा, आजारपण यांनी ते वाढते, असे त्यातून दिसले.

थकवा केवळ मुलालाच येतो असे नाही. रात्रीची झोप मोडलेली, दिवस कामात गेलेला आणि पोळी तव्यावर असताना हा थयथयाट सुरू झाला की आवाज चढतो, कधी पाठीत धपाटाही बसतो, आणि मूल झोपी गेल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे पाहताना जीव तुटतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९ सालच्या एका निबंधात आईला स्वतःच्या बाळाचा द्वेष वाटण्याची अठरा कारणे नोंदवली आणि ती भावना मनात येणे स्वाभाविक आहे, तिच्या आहारी जाऊन मुलाला इजा न करता ती सोसणे हे आईचे सामर्थ्य आहे, असे मांडले. मातृत्वाची थोरवी गाणाऱ्या समाजाला हे विधान खुपते, पण एकटीने रडणाऱ्या आईला त्याची गरज आहे.

येथे दोन भावना वेगळ्या ओळखाव्या लागतात. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ साली अपराधभाव आणि शरम यांतील भेद स्पष्ट केला: 'मी चुकीचे वागले' हा अपराधभाव, तर 'मी आईच वाईट' ही शरम. पहिली भावना कृतीकडे बोट दाखवते, म्हणून तिच्यातून दुरुस्ती घडू शकते; दुसरी संपूर्ण माणसालाच दोषी ठरवते, आणि असा माणूस एक तर मुलापासून दूर सरतो किंवा भरपाई म्हणून खेळणी आणि मोबाइल देत सुटतो. मराठी घरांत आईपणाचे मोजमाप अनेकदा १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने केले जाते. परंतु पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला ती आई मारते आणि नंतर जवळ घेऊन समजावतेही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. त्या मारण्याचे समर्थन आज करता येत नाही, पण नंतरचे जवळ घेणे मात्र मोलाचे आहे.

त्या जवळ घेण्याला संशोधनाचा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगात आई बाळाशी खेळता खेळता काही क्षण चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून, हात पसरून तिला परत बोलावू पाहते, अखेर तोंड फिरवते, आणि आई पुन्हा बोलू लागल्यावर हळूहळू सावरते. पुढे त्यांच्याच निरीक्षणांतून असे दिसले की निकोप नात्यातही आई आणि बाळ यांचे सूर सुमारे तीस टक्के वेळच जुळलेले असतात. उरलेला काळ सूर सुटण्याचा आणि पुन्हा लागण्याचा असतो. म्हणजे तुटणे हे नात्यातील अपघात नसून रोजचा व्यवहार आहे, आणि मूल विश्वास शिकते ते पुन्हा जुळण्यातून.

ही दुरुस्ती लहान आणि नेमकी असावी. 'आई मोठ्याने ओरडली, तू घाबरलास, ओरडायला नको होतं,' एवढे मुलाच्या उंचीला बसून सांगावे, आणि 'पण तूच ऐकत नाहीस' हे शेपूट त्याला जोडू नये, कारण त्यामुळे माफीचे रूपांतर पुन्हा आरोपात होते. राग चढत असताना मुलाला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटे बाल्कनीत जाणे हे मुलाला टाकणे नव्हे.

मात्र हे सारे एकट्या आईच्या संयमावर सोपवणे अन्यायाचे आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, पण बाळाला सांभाळणाऱ्या हातांची खरी गरज संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, घरातच असते, आणि तेथे बाप, आजी-आजोबा, शेजारी यांपैकी कोणी मूल पंधरा मिनिटे कडेवर घेतले तरी त्या घरातील ओरडणे कमी होते. उदासी, निद्रानाश किंवा मुलाला इजा करण्याचे विचार आठवडेच्या आठवडे टिकून राहिले तर तो निव्वळ थकवा मानू नये. सरकारच्या 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि असा फोन लावणारी आई किंवा बाप मुलाचीच काळजी घेत असतो.