पाय पाळण्यात दिसतात, हाडंही

अम्मी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्याच महिन्यात नातीला लस द्यायला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा कळलं की हाडांचे पहिले डॉक्टर तर हे. आमची अम्मी सत्तर वर्षं उशिरा दवाखान्यात पोहोचली होती.

बाईंनी नातीचं वजन केलं, लांबी मोजली, मनगटं चाचपून पाहिली. मुडदूस झाला तर मनगटं रुंदावतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात, मूल चालू लागलं की पाय वाकतात. मग त्यांनी सुनेलाच विचारलं, "तुम्ही स्वतः उन्हात किती असता?" आईच्या अंगी ड जीवनसत्त्व कमी असेल तर बाळही ते कमीच घेऊन जन्मतं, आणि आईच्या दुधात ते अगदी थोडं असतं. म्हणून पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब.

मी जरा चपापलो. हा प्रश्न आमच्या घरांना जुना आहे. 1922 साली हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी मुंबई इलाख्यातल्या मुडदुसावर निबंध लिहिला. दिवसभर उन्हात राबणाऱ्या अर्धपोटी हिंदू गरिबांत त्यांना तो आढळला नाही. आढळला तो पडदा पाळणाऱ्या, खात्यापित्या मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत. अन्न होतं, ऊन नव्हतं. पडद्यावर वाद घालायची ही जागा नव्हे. पण ऊन भिंतीआडच्या अंगणातही पडतं, एवढं मी आमच्या लोकांना सांगत असतो. बंद काचेतून मात्र त्यातले कामाचे किरण येत नाहीत. तसं पाहिलं तर फ्लॅट, शाळेची बस आणि शिकवणी यांत वाढणारी आजची मुलं सगळीच पडद्यात आहेत, धर्म कुठलाही असो.

बाई म्हणाल्या, "घरात वयात येणारं कुणी असेल तर त्यालाही आणा." पुतणी अकरा वर्षांची आहे. "ती ठणठणीत आहे," मी म्हटलं. "तरी आणा." हाडांचा साठा विशीपर्यंत जवळजवळ भरून होतो. त्यातला सुमारे पाव हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांतच जमतो. आणि नेमकी तेव्हाच मुलं बालरोगतज्ज्ञांकडे जाईनाशी होतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना रोज 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन पेले दुधात त्याचं जेमतेम निम्मं मिळतं; उरलेल्यासाठी दही, नाचणी, तीळ. शिवाय लंगडी, दोरीच्या उड्या हव्यातच, कारण भार पडल्याखेरीज हाड दाट होत नाही.

आमच्या गच्चीचा कठडा बुटका आहे, समोरच्या इमारतीतून सगळं दिसतं. सून संकोचली. मी दोरीवर अम्मीची जुनी चादर बांधून दिली. आता अकराच्या सुमाराला ती बाह्या सारून बाळाला घेऊन थोडा वेळ तिथे बसते. शाळेला सुट्टी असली की पुतणीच्या दोरीच्या उड्याही तिथेच चालतात.