धुराच्या वाटेलाही पाटी हवी

आमच्या डोंबिवलीत ‘डक्ट’ म्हटलं की आठवते ती न्हाणीघरांच्या मागची काळोखी, ओली, कबुतरांनी बळकावलेली जागा. पण हॉटेलचा भटारखाना, मंगल कार्यालय, हॉस्पिटल, एमआयडीसीतला कारखाना इथे छताखालून जस्ती पत्र्याचे जे चौकोनी बोगदे जातात, त्यांनाही डक्टच म्हणतात. कुणातून गार हवा आत येते, तर कुणातून धूर, वाफ बाहेर जाते. सगळे दिसायला सारखेच, आणि बहुतेकांवर नाव नाही.

नाव नसलं तर काय बिघडतं? सांगते. आमच्या बचत गटाच्या बायका लग्नसराईत एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात कामाला जातात. तिथे तपासणीला एक मुलगा आला होता, हातात टॉर्च आणि कागद. कागदावर लिहिलेलं ‘डक्ट क्रमांक ३’, वर बघावं तर चार डक्ट, आणि एकावरही आकडा नाही. एकावर स्टिकरचा पिवळा कोपरा तेवढा उरलेला. शेवटी तळणीवरच्या मावशींनी सांगितलं, “दादा, तो कोपऱ्यातला माझ्या कढईवरचा. त्यातनंच तेल ठिबकतं.” झाली तपासणी! मावशी त्या दिवशी रजेवर असत्या तर?

तळणीच्या धुराबरोबर तेलाचे बारीक कण वर जातात आणि डक्टच्या आत त्यांचा चिकट थर बसतो. आपल्या घरच्या चिमणीची जाळी महिनाभर धुतली नाही तर काय होतं ते आपण बघतोच. खालची ज्वाळा वर ओढली गेली की तो थर पेट घेतो, आणि आग पत्र्याच्या आतून कुणाला न दिसता पुढे सरकते. म्हणून कुठला डक्ट कधी साफ केला, हे त्याच डक्टच्या नावावर लिहिलेलं हवं.

हॉस्पिटलात तर हा जिवाचाच प्रश्न. ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग लागली ती तळघरात. धूर मात्र वातानुकूलनाच्या वाटेनेही वर वॉर्डांत पोचला. ९० च्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. असं होऊ नये म्हणून डक्ट भिंत ओलांडतो तिथे एक झडप बसवतात, ‘फायर डँपर’. ठराविक उष्णतेला ती आपोआप मिटते. पण ती असते छताच्या आड. कुठल्या फरशीच्या वर, कुठल्या डक्टमध्ये, हे लिहिलेलं नसेल तर तपासणारा तपासणार काय? आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षेची साधनं चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. छताआडची झडप न बघता केलेली सही काय कामाची?

आता नाव टिकवायचं कसं? मैत्रिणींनो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मसाल्याच्या डब्यावर चिकटवलेला कागद किती दिवस राहतो? तेलकट पत्र्यावर स्टिकरचीही तीच गत, त्यात आपल्याकडचा चार महिन्यांचा पावसाळा. मार्करची शाई गच्चीवरच्या उन्हात उडते. जस्ती पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर तोही काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. आधी पत्रा सोड्याने धुऊन कोरडा करायचा, जस्तावर चालणारा प्रायमर लावायचा आणि मग साच्याने अक्षरं रंगवायची. सगळ्यात टिकाऊ म्हणजे भांड्यांवर नाव घालतात तशी कोरलेली स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. ती बसवायला धुराच्या डक्टला भोक मात्र पाडू देऊ नका, तिथूनच तेल झिरपेल. डक्ट ज्या सळईला टांगलेला असतो तिला पट्टी स्टीलच्या तारेने बांधावी. प्लॅस्टिकची बंधनं भट्टीवर टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट. नाव साफसफाईच्या झाकणावर लिहू नये. चार झाकणं उघडली की परत लावताना अदलाबदल होते (आपल्या डब्यांची होते तशीच!). नाव डक्टच्या अंगावर हवं, हवेच्या दिशेचा बाण हवा आणि छताच्या फरशीवर खालूनही खूण हवी. डक्टवर नंतर थंडाव्याचं आवरण चढवलं तर नाव आत गाडलं जातं, तेव्हा आवरणावर पुन्हा लिहायचं.

कारखान्यांत नळांच्या रंगांसाठी आयएस २३७९ हे भारतीय मानक आहे, त्यात हवेला आकाशी रंग दिलाय. पण नुसत्या रंगावर मी तरी विसंबणार नाही. पॅकिंगला बसणाऱ्या बाईला आकाशी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. मराठीत, ठळक अक्षरांत लिहा: ‘तळणीचा धूर – बाहेर’.

त्या कार्यालयात पट्ट्या लागल्या, पण व्यवस्थापकांनी हौसेने इंग्रजीत करून आणल्या. मावशी म्हणाल्या, “ताई, हे मला वाचता येत नाही, आणि खालनं दिसतही नाही.” मग दोन इंची मराठी अक्षरांचा साचा करून घेतला. साफसफाईच्या तारखेसाठी पट्टीशेजारी जागा कोरी ठेवलीय, आणि ती तारीख वहीत लिहायचं काम मावशींनी स्वतःकडे घेतलंय.