एक लाख किलोमीटर, साडेबाराशे तास

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत 'रनिंग फक्त ४० हजार, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी' असं लिहिलं की किंमत आपोआप चढते. मीटरवर लाखाचा आकडा असलेली गाडी मात्र एजंटच्या आवारात मागच्या रांगेत धूळ खात उभी असते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरून नेहमी ये-जा करण्यासाठी स्वस्तात गाडी शोधणाऱ्यानं आधी त्या मागच्या रांगेत जावं.

हिशेब करून बघा. सिग्नल आणि कोंडी धरून शहरातला सरासरी वेग ताशी २० किलोमीटर मानला, तर ४० हजार किलोमीटरसाठी इंजिन २,००० तास चाललेलं असतं. महामार्गावर ८०च्या सरासरीनं एक लाख किलोमीटर कापायला १,२५० तास पुरतात. मीटर अंतर मोजतं, तास मोजत नाही. क्लच किती वेळा दाबला, ब्रेक किती वेळा मारला, हे तर त्याच्या गावीही नसतं.

शिवाय सगळे तास सारखे नसतात. थंड इंजिन सुरू होताना तेल सगळीकडे पोचलेलं नसतं आणि इंधन गरजेपेक्षा जास्त सोडावं लागतं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढतं. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. ती बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर पडते, पण थोडी पिस्टनच्या कडेनं खाली तेलात उतरते. लांबच्या प्रवासात तेल चांगलं तापतं आणि हे पाणी उडून जातं. घर ते दवाखाना एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते साचत राहतं. डॉक्टरांबद्दल पूर्ण आदर राखून सांगायचं, तर त्यांची गाडी इतरांपेक्षा निरोगी असतेच असं नाही.

डिझेल गाडीत हा फरक आणखी ठळक होतो. एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली. साचलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं, आणि ते टिकून राहायला मोकळा रस्ता लागतो. त्यामुळे रोज शंभर-दीडशे किलोमीटर जाणाऱ्याला डिझेल मानवतं. फक्त शहरात फिरलेली बीएस-६ डिझेल मात्र कितीही चकचकीत असली तरी मी घेणार नाही.

गाडी महामार्गावरच चालली, हे ओळखायचं कसं? बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि काचेवर खड्यांचे बारीक टवके असतात, पण क्लच पेडलचं रबर फारसं झिजलेलं नसतं. सर्व्हिसच्या नोंदींत तारखा जवळजवळ आणि किलोमीटरचे आकडे मात्र लांब अंतरावर दिसतात. मालकाकडे फास्टॅगचा जुना तपशीलही मागावा. मीटर मागे फिरवता येतं, टोलनाक्यावरची नोंद नाही.

आता गाडीचा आकार. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८०वरून १००वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि ६० किलोमीटरच्या सपाट पट्ट्यात त्या बदल्यात ९ मिनिटं वाचतात. उंच, रुंद गाडीला हा भुर्दंड जास्त पडतो. सध्या जो तो एसयूव्हीच्या मागे आहे, त्यामुळे बसक्या सेडानला जुन्या बाजारात तितका भाव नाही. महामार्गावर जाणाऱ्यासाठी ही चांगलीच बातमी आहे.

बोरघाटाचा विचार वेगळा करावा लागतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. १,२०० किलोची गाडी निव्वळ ब्रेकवर उतरवली, तर जी उष्णता तयार होईल तिच्यावर वीस लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून जुनी गाडी हाती आली की पहिलं काम ब्रेक ऑइल बदलण्याचं, आणि घाट उतरायचा तो खालच्या गिअरमध्ये.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून समाधान मानू नये. बाजूवर चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. त्यात हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि तापते. समृद्धी महामार्गावर तर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे; तिथे असा टायर दगा देऊ शकतो. व्यवहार ठरवतानाच चार नव्या टायरची किंमत वजा करून बोलावं.

चाचणीला सकाळी, न सांगता जावं. बॉनेट हाताला गरम लागलं तर विकणाऱ्यानं गाडी आधीच सुरू करून ठेवली असं समजावं. थंड इंजिनाचा पहिल्या काही सेकंदांतला खडखडाट मग ऐकायला मिळत नाही. गल्लीतल्या फेरीनं भागत नाही. स्टिअरिंगची थरथर बहुधा ८०च्या पुढेच कळते, म्हणून गाडी महामार्गावर न्यायचा आग्रह धरावा. मालक कुरकुर करेल. टोल आपण भरतो म्हणावं.