पेडल मऊ लागते? ब्रेकचे ऑइल कधी बदलले ते आठवा

मे महिन्याची सुट्टी लागली, ईद जवळ आली किंवा घरात शादी ठरली, की मुंबई, मुंब्रा, पनवेलकडच्या गाड्या महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरीच्या दिशेने निघतात. पुढे अब्बा किंवा भाईजान, मागे दादी, अम्मी आणि मुले, डिकीत ठासून भरलेल्या बॅगा. निघण्यापूर्वी टायरची हवा पाहिली जाते, इंजिन ऑइल पाहिले जाते, ए.सी. थंड करतो की नाही हेही तपासले जाते. मात्र ज्या एका गोष्टीवर घाटात या साऱ्यांचा जीव अवलंबून असतो, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ती गोष्ट म्हणजे ब्रेकचे ऑइल.

कोणी पाहिलेच तर बॉनेट उघडून पातळी कमी दिसल्यास वरून थोडे ओतले जाते. त्याने भांडे भरते, पण चाकांपर्यंत पोचलेले जुने ऑइल तिथेच राहते. वरून भर घालणे वेगळे आणि जुने काढून नवे भरणे वेगळे. या लेखात आम्ही सांगणार आहोत ते दुसऱ्या कामाबद्दल.

पायापासून चाकापर्यंत

आपण पेडल दाबतो तेव्हा पायाचा जोर चाकापर्यंत नेणारी तार किंवा सळई नसते. मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवाला ढकलतो, तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे जातो आणि तिथे पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर दाबले जातात. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम १७ व्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी मांडला. आपल्या गाडीचा ब्रेक त्यावरच चालतो.

हे सारे जमते ते द्रव दाबून आकसत नाही म्हणून. घरात एक साधा प्रयोग मुलांना करून दाखवता येईल. सुई नसलेली सिरिंज पाण्याने पूर्ण भरा, टोकावर अंगठा घट्ट धरा आणि दांडा दाबा. तो हलणार नाही. आता आत हवेचा एक बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दांडा आत जाईल आणि हाताला स्प्रिंगसारखे लागेल. गाडीचे पेडल स्पंजासारखे मऊ लागते तेव्हा नळीत बहुधा हेच झालेले असते. पायाचा जोर चाकाकडे न जाता हवा दाबण्यात खर्च होतो.

ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही

गॅरेजमध्ये सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. पण आपल्याकडच्या गाड्यांत वापरला जाणारा हा द्रव ग्लायकोल जातीच्या रसायनांचा असतो आणि तेलाच्या उलट तो पाण्यात मिसळतो. एवढेच नव्हे, तर तो हवेतला ओलावा ओढून घेतो. रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या टोपणातून हा ओलावा हळूहळू आत शिरतो. गाडी उभी असली तरी हे थांबत नाही. जून ते सप्टेंबर कोकणात कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्याच हवेत गाडीही उभी असते.

ओलाव्याने काय बिघडते ते आकड्यांवरून लक्षात येईल. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असे लिहिलेले असते. मानकानुसार नव्या कोऱ्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि डॉट ४ चा २३० अंश. त्यातच सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. शंभर भागांत चार भागही पाणी नाही, तरी इतका फरक पडतो.

आता घाटाचा हिशोब करू. माणसे आणि सामान धरून १५०० किलोची गाडी ६०० मीटर उंचीवरून खाली आली, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यात सुमारे ३० लिटर पाणी उकळीला येईल. इंजिन, हवा आणि टायर यांत तिचा काही भाग जातो. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला तर बहुतेक भार डिस्क आणि ड्रमवर पडतो. ती उष्णता पॅडमधून द्रवापर्यंत पोचते. जुना, ओला द्रव उकळतो आणि त्याची वाफ होते. वाफ हवेसारखीच दबते. कुंभार्ली, आंबा, वरंधा किंवा आंबेनळी यांसारख्या घाटांत मधल्याच वळणावर पेडल थेट तळाला जाऊ शकते ते यामुळे.

यातली फसवी बाब अशी की गाडी थांबवून ब्रेक थंड झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्वीसारखे लागते. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला दोन फेऱ्या मारून ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. गार गाडीत हा दोष दिसतच नाही.

पेडल काय सांगते

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला साठा संपतो. मग पाय स्थिर दाबून धरा आणि पुढील गोष्टी पाहा.

पहिल्यांदा मऊ लागून लागोपाठ दाबल्यावर पेडल वर येत कडक होत असेल, तर नळ्यांत हवा असण्याची शक्यता मोठी आहे. मागच्या ड्रमचे लायनर सैल असले तरी असेच वाटते.

पाय धरून ठेवल्यावर पेडल सावकाश खाली बसत असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची रबरे गेली आहेत. इथे ऑइल बदलून भागणार नाही. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पाय दाबून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली गेले तर घाबरू नका. बूस्टर काम करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

टाकीतली पातळी कमी होण्याचेही दोन अर्थ असतात. एक तर गळती, नाहीतर पॅड झिजलेले. पॅड झिजले की दट्टे बाहेर येतात आणि द्रव त्यांच्या मागे उतरतो. म्हणून भर घालण्याआधी पॅड पाहावेत. रंगावर मात्र पूर्ण विसंबू नये. नवा द्रव पारदर्शक किंवा फिकट पिवळा असतो, जुना तपकिरी होतो. पण ओलावा डोळ्यांना दिसत नाही. अनेक गॅरेजमध्ये पेनासारखे छोटे यंत्र असते, ते टाकीत बुडवून पाण्याचे प्रमाण कळते. ते वापरायला सांगावे.

काम दोघांचे

आमच्या घरी जुनी घेतलेली एक गाडी आहे. तिच्या सर्व्हिस बुकात ब्रेक ऑइल बदलल्याची एकही नोंद नव्हती. पावसाळ्यापूर्वी आम्ही ते काम अंगणात केले. पुतणी सीटवर बसली आणि आम्ही चाकापाशी. ‘दाब’ म्हटले की ती पेडल दाबून ‘धरलं’ म्हणायची, आम्ही निपल उघडून पुन्हा आवळायचो आणि मग ‘सोड’ म्हणायचो. पहिल्या चाकातून कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी आले, त्याबरोबर बारीक बुडबुडेही. चौथ्या चाकापर्यंत पुतणीलाच पायाखालचा फरक कळू लागला. ‘चाचू, आता पेडल वरच थांबतंय,’ ती म्हणाली.

कामाची पद्धत अशी आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. चाक काढायचे असल्यास नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली पक्का स्टँड द्यावा. टाकीतले जुने ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून काढून नवे भरावे. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. मात्र काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो पुस्तिकेत पाहावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. पेडल दाबलेले असतानाच निपल उघडावे आणि पाय सुटण्याआधी बंद करावे. स्वच्छ, बुडबुड्यांविना द्रव येईपर्यंत हेच करत राहावे.

तीन गोष्टी विसरू नयेत. टाकी रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर नवी हवा आत जाईल आणि ए.बी.एस. असलेल्या गाडीत ती काढायला संगणक लावावा लागू शकतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत ठोकू नये, त्यासाठी खाली लाकडाचा तुकडा ठेवावा. दट्टा एरवी जिथे जात नाही त्या गंजलेल्या भागावरून गेला तर रबरे फाटतात. आणि निपल गंजून बसले असेल तर जोर करू नये. तुटले तर पूर्ण कॅलिपर बदलण्याची वेळ येते.

हाताला सवय नसेल तर गॅरेजमध्येच करून घ्यावे. तिथे उभे राहून एवढेच पाहावे की डबा समोर सील तोडून उघडला, टाकीच्या टोपणावर लिहिलेलेच डॉट वापरले आणि ऑइल चारही चाकांतून काढले. छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर ऑइल पुरते. त्याचा खर्च एका वेळच्या पेट्रोलहून कमीच असतो.

घरातली काळजी

नावातल्या ‘ऑइल’ला फसून इंजिनचे किंवा स्टिअरिंगचे तेल ब्रेकच्या टाकीत कधीही घालू नये. रबरे फुगतात आणि संपूर्ण यंत्रणा खराब होते. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे, तोही यांत मिसळत नाही. उघडून ठेवलेला डबा पुढच्या वर्षी वापरू नये, कारण तो कपाटातही ओलावा पितो. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उठतो. काढलेले ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये, गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपाकडे द्यावे. आणि ते शीतपेयाच्या बाटलीत मुळीच भरून ठेवू नये. हा द्रव विषारी आहे आणि लहान मुलांना बाटली तेवढी ओळखीची असते.

स्कूटर आणि मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकलाही हेच नियम लागू आहेत. हँडलवरची ती छोटी काच पाहा. लिव्हर मुठीपर्यंत येत असेल तर वेळ झाली आहे.

बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी किंवा पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरनंतर हे ऑइल बदलायला सांगतात. घाटात ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरावे, ही सवयही ठेवावी. तरीही कधी पेडल खाली गेलेच तर इंजिन बंद करू नये. पेडल भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी.

विमा आणि पी.यू.सी.ची तारीख आपण लिहून ठेवतो, कारण ती चुकली तर दंड होतो. तिच्याच खाली ब्रेक ऑइल बदलल्याची तारीखही लिहा. आणि हे वाचून झाल्यावर गाडीची पुस्तिका काढून शेवटची तारीख शोधा. सापडली नाही, तर गावी निघण्याआधी करायचे पहिले काम तेच आहे.