पाहून शिकायचा धर्म

ज्यू धर्म ग्रंथांवर उभा आहे, असे आपण ऐकतो. पण त्याच्याच तालमूद या ग्रंथात असे मत नोंदलेले आहे की, ज्याने शास्त्र पाठ केले पण जाणत्यांची सेवा केली नाही, तो अडाणीच. सेवा म्हणजे गुरू जेवतो कसा, भांडण मिटवतो कसे, हे जवळून पाहणे. या मताची कसोटी आपल्या कोकणात लागली. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्राएल ज्यू, म्हणजे शनवार तेली, कित्येक पिढ्या रब्बीवाचून, म्हणजे धर्मगुरूवाचून राहिले. हिब्रू विसरली गेली, पण शेमा ही प्रार्थना, सुंता आणि खाण्यातले विधिनिषेध टिकले. परंपरा सांगते की, बाहेरून आलेल्या दावीद रहाबी या ज्यू माणसाने त्यांच्या बायकांपुढे मासे ठेवले, तेव्हा पर आणि खवले नसलेले त्यांनी बाजूला काढले. हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने तिघांना शिकवून तयार केले. त्यांच्या वारसांना काजी म्हणत.

यावर कोणी म्हणेल, गुरूवाचून धर्म टिकलाच ना? मला यात उलटच दिसते. मासे निवडणाऱ्या बाईने पोथी वाचली नव्हती, आईचा हात पाहिला होता. घरात पाहून शिकता आले तेवढे उरले. ज्याला जाणता शिक्षक लागतो ते गेले. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत समाजाची पहिली मशीद (प्रार्थनामंदिराला ते हेच म्हणत) बांधली, तरी हिब्रू उपासना रुजायला एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक यावे लागले. १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण निघाले. त्यातून अक्षरे आणि रूपे कळली असतील, पण उपासनेचा सूर व्याकरणात सापडत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: जिवंत गुरू चुकतो, सत्ताही गाजवतो. इस्रायलला गेलेल्या याच समाजाच्या विवाहांबाबत तिथल्या प्रमुख रब्बींनी १९६२ च्या सुमारास वंशाची चौकशी करायला सांगितले. माणसे दुखावली, रस्त्यावर उतरली, आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांच्या बाजूने उभे राहावे लागले. तो अन्यायच होता. मात्र ते रब्बी पदावर होते, या लोकांच्या घरांत नव्हते. ज्यू परंपरा गुरू स्वतः करून घ्यायला सांगते, आणि तो ज्याला ओळखतो त्यालाच वाट दाखवू शकतो. रहाबीने वंशावळ मागितली नव्हती. त्याने ताटात काय वाढले जाते ते पाहिले.