अजगराचं अर्धं शरीर बाहेर असतं

गोरेगाव पूर्वेला फिल्म सिटीच्या बाजूला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. त्याला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान, आणि जवळच आरेचं जंगल. मुंबईएवढ्या मोठ्या शहराच्या पोटात भारतीय अजगर आजही मोकळा राहतो. कधी तो तबेल्याजवळ निघतो, कधी सोसायटीच्या आवारात. मग सर्पमित्राला फोन जातो, गर्दी जमते, आणि कुणीतरी विचारतंच, ‘हा पाळता येतो का?’

भारतीय अजगर पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडून घरी ठेवणं हा 3 ते 7 वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. आफ्रिकेतल्या बॉल पायथनसारखा परदेशी अजगर असेल, तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पण कात्रजच्या सर्पोद्यानात किंवा एखाद्या बचाव केंद्रात मोठा अजगर सांभाळणाऱ्यांना काय काय पाहावं लागतं, हे जाणून घेण्यासारखं आहे. कारण त्यातला प्रत्येक नियम अजगराच्या शरीरातल्या एकेका नवलातून आला आहे.

पहिलं नवल उष्णतेचं. आपल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात जळतो. अजगर ती ऊब बाहेरून घेतो, म्हणून एका जेवणावर कित्येक आठवडे काढू शकतो. पण ऊब मिळाली नाही, तर गिळलेलं भक्ष्य पोटात सडतं आणि त्याला ते ओकून टाकावं लागतं. म्हणून त्याच्या पेटीची एक बाजू 31-32 अंशांवर आणि दुसरी 26 च्या आसपास ठेवतात. कुठे पडून राहायचं ते अजगरच ठरवतो. ऊब देणारा दिवा जाळीआड आणि थर्मोस्टॅटला जोडलेला असावा, नाहीतर उबेच्या ओढीने तो त्याला बिलगतो आणि भाजून घेतो. शिवाय सगळं अंग मावेल एवढी पाण्याची टाकी, लपायला अंधारी जागा आणि हवेत पुरेसा ओलावा हवा. हवा कोरडी पडली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. दाराला कुलूप हवंच. त्याच्या स्नायूंपुढे सैल झाकण टिकत नाही.

दुसरं नवल जेवणानंतरचं. भारतीय अजगराच्या जवळच्या नात्यातल्या बर्मी अजगराने मोठं भक्ष्य गिळलं की दोन-तीन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं, आतडंही फुगतं. पचन संपलं की सगळं पुन्हा पूर्ववत होतं. शरीर एवढ्या मोठ्या कामात गुंतलेलं असताना त्याला उचलायचं नसतं. जेवणानंतर काही दिवस त्याला हात लावत नाहीत.

तिसरं नवल ओठांवर आहे. तिथल्या बारीक खळग्यांनी अजगराला अंधारातही उबदार अंग जाणवतं. उंदराचा वास लागलेला गरम हात त्याला भक्ष्यच वाटणार. म्हणून हात धुऊनच जवळ जायचं, भक्ष्य लांब चिमट्याने द्यायचं, आणि जेवणाची वेळ नसताना आधी आकड्याच्या काठीने अंगाला हलकेच स्पर्श करून तसं कळू द्यायचं.

विळख्याबद्दलची जुनी समजूत श्वास कोंडण्याची. अमेरिकेत 2015 साली अजगराच्या दूरच्या नात्यातल्या बोआवर प्रयोग झाला, तेव्हा दिसलं की विळखा बसताच काही सेकंदांत भक्ष्याचा रक्तप्रवाहच कोलमडतो. म्हणजे सुटकेला वेळ फारच थोडा. तीन मीटरच्या अजगराला एकट्याने हाताळू नये. गळ्यात तर कधीच घालू नये. वजन दोन-तीन ठिकाणी पेलायचं, आणि विळखा पडलाच तर शेपटीकडून सोडवायला सुरुवात करायची.

सगळ्यांत मोठं आश्चर्य मात्र आईचं. 1841 मध्ये पॅरिसच्या वस्तुसंग्रहालयात बर्मी अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती, आणि प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हॅलेन्सियनला तिचं अंग भोवतालच्या हवेहून गरम आढळलं. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या बर्मी मादीवरच्या अभ्यासात त्याचं कारण स्पष्ट झालं: ती स्नायू पुन्हा पुन्हा आकसून अंडी उबवत होती. जन्मभर ऊब बाहेरून घेणारा जीव पिलांसाठी ती स्वतः तयार करतो!

बाकी सारा काळ ऊन, सावली, ओलावा आणि बीळ हेच त्याच्या शरीराचं निम्मं काम करतात. पेटीत ते काम यंत्रांना चोवीस तास करावं लागतं. आरेत तापलेले कातळ, ओढ्याकाठची झुडपं आणि साळिंदराची जुनी बिळं ते आपोआप करतात. तेव्हा आवारात अजगर दिसला तर लांब उभं राहा, मुलांना आणि कुत्र्यांना मागे घ्या, त्याला डिवचू नका आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. आणि आरेतला एखादा ओढा बुजवायची गोष्ट निघाली की लक्षात असू द्या: तो ओढा अजगराच्या शरीराचाच भाग आहे, आणि गोरेगावकराला अजगर सांभाळायचाच असेल तर सुरुवात तिथूनच करायला हवी.