ऑईल कधी बदलायचं? मीटर अर्धंच सांगतो

सर्व्हिसिंग करून गाडी घरी येते तेव्हा काचेच्या कोपऱ्यात एक स्टिकर चिकटवलेला असतो. पुढचा ऑईल बदल किती किलोमीटरला, त्याचा आकडा त्यावर लिहिलेला. गॅरेजवाला म्हणतो पाच हजार, कंपनीची पुस्तिका म्हणते दहा हजार आणि शेजारचे काका म्हणतात, ‘माझं रनिंग वर्षाला तीन हजारसुद्धा नाही, मला कशाला हवा ऑईल बदल?’ या तिघांत सगळ्यात जास्त चुकतात ते काका.

आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांचा नियम १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते, असा असतो. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि ‘एक वर्ष’ विसरतात. शिवाय त्याच पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळी मुदत दिलेली असते आणि ती अनेकदा निम्मी असते. खडतर म्हटलं की लडाखचे घाट आठवतात. पण त्या यादीत असतं काय? वारंवार छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, इंजिन चालू ठेवून सिग्नलला उभं राहणं. सकाळी मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडून परत येणारी पुण्यातली गाडी या यादीत थेट बसते.

छोटी फेरी इंजिनाला एवढी का बाधते, हे समजून घेण्यासारखं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. त्याची वाफ बहुतांशी सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरते. तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही उतरतं. गाडी महामार्गावर तासभर पळाली, तर ऑईल नीट तापतं आणि यातलं बरंचसं उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत ऑईल तापतच नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लवकर वर येतो खरा, पण तो कुलंटचं तापमान दाखवतो. ऑईल त्याच्या बरंच मागे असतं. मग पाणी आणि पेट्रोल ऑईलमध्येच मुरतं, आम्लं तयार होतात आणि ती मारण्यासाठी ऑईलमध्ये घातलेली रसायनं हळूहळू संपतात. अशा गाडीचं ऑईल भरायचं झाकण उघडलं, तर आतून पिवळट, लोण्यासारखा थर दिसू शकतो. त्याच वेळी कुलंटही कमी होत असेल, तर हेड गास्केट तपासून घ्यावं.

किलोमीटरचा आकडा आणखी एका बाबतीत फसवतो. सरासरी ताशी २० किलोमीटरने शहरात चालणारी गाडी १०,००० किलोमीटर गाठेपर्यंत इंजिन ५०० तास चाललेलं असतं. महामार्गावर ताशी ६० ची सरासरी मिळाली, तर तेवढंच अंतर १६७ तासांत संपतं. मीटरवर आकडा एकच, इंजिनाचं काम मात्र तिप्पट.

वेळेवर न बदललेल्या ऑईलचा शेवट गाळात होतो. अमेरिकेत १९९७ ते २००२ दरम्यानच्या टोयोटा आणि लेक्ससच्या काही इंजिनांत असा गाळ साचण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी आठ वर्षांपर्यंत दुरुस्तीची हमी दिली. दोष देखभालीचा की इंजिनाच्या रचनेचा, यावर तिथे मोठा वाद झाला. नामांकित इंजिनसुद्धा गाळापुढे टिकत नाही, एवढं त्यातून दिसलंच.

रंग पाहून निर्णय घेणं मात्र सोडून द्यावं. चांगल्या ऑईलचं कामच काजळी आणि मळ धरून ठेवण्याचं आहे, त्यामुळे ते काळं होणारच. डिझेल गाडीत तर नवं ऑईल थोड्याच दिवसांत काळं पडतं. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑईल बराच काळ स्वच्छ दिसतं आणि तरीही उष्णतेने आतून जुनं होत असतं. काही जण लाल दिव्याची वाट पाहतात. तो दिवा ऑईलचं प्रेशर पडल्यावर लागतो. तेव्हा गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंदच करावं लागतं.

बीएस-६ डिझेल गाडीवाल्यांनी डिपस्टिककडे जास्त लक्ष द्यावं. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि काही डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वर चढलेलं दिसलं, तर आनंद मानू नका. ते पातळ झालंय, बदलायलाच हवं.

आता गॅरेजच्या पाच हजारांविषयी. अमेरिकेत दर ३,००० मैलांना, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरला ऑईल बदलायची रीत दशकानुदशकं चालली. कार्ब्युरेटर आणि मिनरल ऑईलच्या काळात ती योग्यच होती. आज चांगलं सिंथेटिक ऑईल घालून रोज नाशिक-मुंबई करणाऱ्या पेट्रोल गाडीला पाच हजारांची मुदत लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. शिवाय काढलेलं जुनं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात ओतू देऊ नका. ते अधिकृत पुनर्वापराकडे जातं का, हे गॅरेजमध्ये विचारा.

तेव्हा हिशेब असा ठेवावा. महामार्गावर पळणाऱ्या गाडीला पुस्तिकेतली पूर्ण मुदत द्यावी. शाळा, मंडई आणि ऑफिस एवढंच रनिंग असेल, तर खडतर वापराची मुदत पाळावी, मीटर कितीही कमी दाखवो. ग्रेड पुस्तिकेत दिलेलाच घ्यावा आणि प्रत्येक वेळी ऑईल फिल्टरही बदलून घ्यावा. वॉरंटी चालू असेल, तर तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं प्रत्येक बिल जपून ठेवा. इंजिनाचं काम निघालं, तर कंपनी आधी तेच मागते.